बंदी कुणावर, विचारलं कुणाला?

8 डिसेंबर 2023, शुक्रवार. मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात. एरवी दिवसरात्र चालणारी खटखट त्या दिवशी थांबलेली असते आणि गल्ली जरा जास्तच शांत वाटते. मी सुट्टीला घरी आले होते. सकाळी अम्मी मोबाईलवरची बातमी वाचून म्हणाली, "चलो, आता कांदा स्वस्त होईल." आदल्या दिवशी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात थेट 31 मार्चपर्यंत बंद केली होती. आमच्या घरात आठ माणसं. त्या दिवसांत अम्मी किलोभर कांदा आणताना दोनदा विचार करायची. तिला आनंद झाला, यात तिचं काही चुकलं नाही.

दुपारी मैत्रिणीचा फोन आला. आम्ही कॉलेजात तीन वर्षं एका बाकावर बसलो. तिचं गाव आमच्या शहरापासून वीस किलोमीटरवर. वडिलांची पाच एकर शेती, त्यात लाल कांदा आणि दीड-दोन एकर कापूस. ती सांगत होती, "आबा ट्रॉली भरून बसलेत आणि लिलावच बंद आहेत." लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत ठेवता येत नाही. काढला की आठ-पंधरा दिवसांत विकावाच लागतो. मी म्हटलं, सरकारने हे फार चुकीचं केलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "गेल्या वर्षी सुताची निर्यात बंद करा म्हणून निवेदन तूच लिहिलं होतंस ना? त्या वर्षी आमच्या कापसाला पहिल्यांदा दहा हजारांचा भाव मिळाला होता."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. निवेदन खरंच मी लिहिलं होतं. 2022 च्या उन्हाळ्यात कापसाची खंडी एक लाख रुपयांच्या वर गेली होती. सूत महागलं, पण ग्रे कापडाचा भाव जागेवरच होता. मामूंचे आठ लूम आहेत. त्यांनी आणि गल्लीतल्या दहा-बारा कारखानदारांनी मिळून सरकारला अर्ज करायचं ठरवलं. मराठी चांगलं लिहिणारी घरात मी एकटी, म्हणून काम माझ्याकडे आलं. "कापूस व सुताची निर्यात तात्काळ बंद करावी" असं मी मोठ्या रुबाबात लिहिलं. हे लिहिताना मैत्रिणीच्या घरचा कापूस एकदाही माझ्या डोळ्यांसमोर आला नाही.

त्या फोनने माझ्या मनात जे सुरू झालं, ते आज तुमच्यासमोर मांडते आहे.

आपल्या वयाच्या मुलामुलींमध्ये अर्थव्यवस्थेचा विषय निघाला की दोनच मतं ऐकू येतात. पहिलं मत: सरकारने धंद्यात नाक खुपसू नये, बाजार आपोआप सगळं ठीक करतो. दुसरं मत: सगळं सरकारनेच करावं, भाव ठरवावेत, नोकऱ्या द्याव्यात, तोटा भरून द्यावा. पहिलं मत मोटिव्हेशनल व्हिडिओंमधून येतं, दुसरं मोर्चातल्या भाषणांतून. आणि बहुतेक जण दोन्ही एकाच वेळी बोलतात. स्वतःच्या मालाला मोकळा बाजार हवा असतो आणि दुसऱ्याच्या मालावर बंदी हवी असते. मामूंचं तेच झालं, माझंही तेच झालं.

सरकारने हस्तक्षेप करावा की नाही, हा वाद मला आता पोकळ वाटतो. सरकार हस्तक्षेप करतच असतं. आपलं मालेगाव आणि भिवंडी ज्यावर उभे आहेत, तो यंत्रमागाचा धंदाच सरकारी निर्णयांच्या आडोशाने वाढला.

हा इतिहास आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. 1857 नंतरच्या दशकांत उत्तर भारतातून विणकर कुटुंबं इकडे आली. त्यांच्याकडे हातमाग होते. स्वातंत्र्यानंतर सरकारपुढे प्रश्न होता की कापड कुणी विणायचं, मुंबईच्या गिरण्यांनी की लाखो हातमागांनी? हातमाग जगवायचे म्हणून काही प्रकारचं कापड 1950 पासून त्यांच्यासाठी राखून ठेवलं गेलं. 1954 मध्ये कानुनगो समितीचा अहवाल आला. हातमागांचं हळूहळू यंत्रमागांत रूपांतर व्हावं, असं तिचं मत होतं. 1955 च्या कर्वे समितीने ग्रामोद्योगांचा रोजगार टिकवण्यावर भर दिला. पुढे गिरण्यांनी माग वाढवण्यावर कडक बंधनं आली आणि त्यांच्या कापडावर उत्पादन शुल्काचा भारही जास्त राहिला.

हेतू हातमाग वाचवण्याचा होता. प्रत्यक्षात मधली मोकळी जागा यंत्रमागाने घेतली. गिरण्यांनी टाकून दिलेले जुने माग छोट्या शेडमध्ये येऊन बसले. गिरणीला लागू असलेले कामगार कायदे आणि शुल्क या शेडपर्यंत पोचत नव्हते. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा कापडाचं बरंच काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे वळलं. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी, यंत्रमाग आणि हातमाग यांच्यातला जुना भेद सोडून दिला. त्याच वर्षी हातमागासाठी वस्तू राखून ठेवणारा कायदाही झाला. त्यात आधी 22 प्रकार होते, पुढे ते 11 वर आले. यंत्रमागवाले त्या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1993 मध्ये हरले.

म्हणजे सरकारने एकाला हात दिला, दुसऱ्याला रोखलं आणि तिसराच मोठा झाला. तो तिसरा म्हणजे आपण. आपल्याला विजेच्या दरात सवलत मिळते, तंत्रज्ञान सुधारण्यासाठी 1999 पासून केंद्राची योजना होती, हे सगळे हस्तक्षेपच आहेत. तेव्हा "सरकारने धंद्यात पडू नये" हे वाक्य यंत्रमागाच्या गल्लीत उभं राहून म्हणता येत नाही.

याची एक काळी बाजूही आपणच सांगायला हवी. कायद्याच्या नजरेआड राहून वाढलेल्या धंद्यात कामगारही कायद्याच्या नजरेआडच राहिला. बारा-बारा तासांची पाळी, कानाला दडे बसवणारा आवाज, छातीत जाणारी सुताची धूळ, पीएफ नाही, रजा नाही. माझ्या लहानपणी अम्मी घरी बसून कांड्या भरायची. त्या कामाची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. सरकार जिथे यायला हवं होतं, तिथे ते आलंच नाही. न येणं हाही एक निर्णयच असतो आणि त्याचीही किंमत कुणीतरी भरतं.

आता कांद्याकडे या. 5 जून 2020 रोजी केंद्राने अध्यादेश काढून अत्यावश्यक वस्तू कायदा ढिला केला. कांदा, बटाटा, डाळी यांच्यावर अपवादात्मक परिस्थिती सोडून बंधनं राहणार नाहीत, असं सांगितलं. शेतकरी मोकळा झाला, अशी जाहिरात झाली. त्यानंतर साडेतीन महिनेही झाले नव्हते, तोच 14 सप्टेंबरला कांद्याची निर्यात बंद झाली. त्याच महिन्यात संसदेने तो अध्यादेश कायदा म्हणून मंजूर केला. आणि ऑक्टोबरमध्ये व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादाही आली: घाऊक व्यापाऱ्याला 25 टन, किरकोळ विक्रेत्याला 2 टन. एका हाताने दार उघडायचं, दुसऱ्या हाताने कडी लावायची.

2023 मध्ये पुन्हा तोच खेळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव इतके कोसळले की राज्य सरकारला क्विंटलमागे आधी 300 आणि मग 350 रुपयांचं अनुदान जाहीर करावं लागलं. भाव पडले तेव्हाची मदत उशिरा आली. भाव चढू लागताच मात्र सरकार पळत आलं. 19 ऑगस्टला निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य ठरलं. 7 डिसेंबरला संपूर्ण बंदी आली. मार्च 2024 मध्ये ती पुढील आदेशापर्यंत वाढवली. 4 मे रोजी उठवली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवूनच. 13 सप्टेंबरला किमान मूल्य गेलं, शुल्क 20 टक्क्यांवर आलं. 1 एप्रिल 2025 पासून शुल्कही शून्य झालं.

वीस महिन्यांत इतके निर्णय. नाशिक आणि दिंडोरीत लोकसभेचं मतदान 20 मे 2024 ला होतं, विधानसभेचं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. या तारखा वरच्या तारखांशेजारी ठेवून पाहा, अर्थ तुम्हीच काढा. कांदा लावल्यापासून काढेपर्यंत चार-साडेचार महिने जातात. लावताना एक नियम, निंदणी करताना दुसरा आणि बाजारात नेताना तिसरा. अशा वेळी शेतकऱ्याने हिशेब कशाच्या भरवशावर करायचा? डिसेंबरच्या त्या बंदीनंतर नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, मुंबई-आग्रा महामार्ग रोखला गेला. लिलाव सुरू झाले, तेव्हा दोन-तीन आठवड्यांत भाव निम्म्याच्या आसपास आला होता.

इथे माझ्या अम्मीचीही बाजू आहे आणि ती मी सोडणार नाही. यंत्रमाग कामगाराला आठवड्याची मजुरी मिळते. त्यात भाजीचा खर्च वाढला की दुधाला किंवा मुलांच्या वह्यांना कात्री लागते. शहरातल्या गरिबाला स्वस्त कांदा मिळावा, हे सरकारने पाहायलाच हवं. प्रश्न असा आहे की त्याचे पैसे कुणी द्यायचे? सरकारकडे तिजोरी आहे. ते बाजारभावाने कांदा विकत घेऊन शहरात स्वस्तात विकू शकतं, तसा साठा सरकार करतंही. तो खर्च सगळ्या देशाच्या खिशातून जातो. निर्यातबंदी केली की तिजोरीतून एक रुपया जात नाही. सगळा खर्च मैत्रिणीच्या आबांच्या ट्रॉलीतून जातो. एका गरिबाला द्यायचं म्हणून दुसऱ्या गरिबाकडून काढून घेतलं आणि ते कुठल्याच अर्थसंकल्पात लिहिलं गेलं नाही.

माझ्या निवेदनाने नेमकं हेच मागितलं होतं. मामूंना सूत स्वस्त पडावं, म्हणून आबांनी कापूस स्वस्तात द्यावा.

आणि असे निर्णय घेताना विचारलं कुणाला जातं? 5 मार्च 2012 चं उदाहरण पाहा. त्या दिवशी केंद्राने कापसाच्या निर्यातीवर अचानक बंदी घातली. तेव्हा केंद्रात कृषिमंत्री महाराष्ट्राचे शरद पवार होते. आपल्याला या निर्णयाबद्दल विचारलं नव्हतं, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. आठवडाभरात बंदी मागे घ्यावी लागली. देशाच्या कृषिमंत्र्याची ही गत असेल, तर दोन एकर कापूसवाल्याला कोण विचारणार?

8 नोव्हेंबर 2016 ची रात्र तर आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. रात्री आठला घोषणा झाली आणि चलनातल्या नोटांच्या किमतीपैकी जवळपास 86 टक्के रक्कम मध्यरात्री बाद झाली. यंत्रमागात मजुरी रोख, सुताचा व्यवहार बराचसा रोख, कांडीवालीचे पैसे रोख. मामूंनी आठपैकी सहा लूम बंद केले. कामावरचे दोघे जण गावी निघून गेले, त्यातला एक परत आलाच नाही. पुढे रिझर्व्ह बँकेनेच आपल्या वार्षिक अहवालात सांगितलं की बाद केलेल्या नोटांपैकी 99.3 टक्के परत आल्या. 2 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो निर्णय वैध ठरवला. एकट्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी वेगळं मत दिलं. असा निर्णय साध्या अधिसूचनेने न होता कायद्याने, संसदेला सोबत घेऊन व्हायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं होतं. नोटाबंदी चांगली की वाईट, यापेक्षा हा मुद्दा मला मोठा वाटतो. इतक्या लोकांच्या चुलीशी संबंध असलेली गोष्ट किती जणांनी, कुठल्या खोलीत बसून ठरवली?

आणखी एक विषय. तो आपल्याकडे नेहमी एकाच चष्म्यातून पाहिला जातो. 1976 च्या राज्य कायद्यानुसार महाराष्ट्रात गोहत्येला बंदी होती. पण काम न देणारे बैल प्रमाणपत्र घेऊन कत्तलीसाठी विकता येत होते. मार्च 2015 मध्ये दुरुस्ती लागू झाली आणि बैल, वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. दुसऱ्या राज्यातून आलेलं मांस बाळगणं हाही गुन्हा ठरवणारं कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये रद्द केलं, पण कत्तलीवरची बंदी कायम ठेवली. आपण याची चर्चा धर्म आणि ओळख यांच्या भाषेत करतो. तो भाग खराच आहे. पण हा अर्थव्यवस्थेतलाही मोठा हस्तक्षेप होता. म्हातारा बैल विकून आलेल्या पैशांत भर घालून शेतकरी नवा बैल घ्यायचा. तो व्यवहार मोडला. कुरेशी खाटकाची रोजी गेली, कातड्याचं काम करणाऱ्याचा माल आटला आणि शेतकऱ्याच्या दावणीला न कमावणारं जनावर उरलं. तिघांचं नुकसान एकाच कायद्याने झालं. तरी ते तिघं एका मंचावर कितीदा आले? आपण आपल्या मोहल्ल्यात बोललो, शेतकरी त्याच्या बाजार समितीत बोलला. दोघांचे आवाज वेगवेगळे राहिले, म्हणून दोन्ही लहान राहिले.

मला जे म्हणायचं आहे, ते एवढंच. सरकारने हस्तक्षेप केला म्हणून तो वाईट ठरत नाही आणि आपल्या फायद्याचा आहे म्हणून चांगलाही ठरत नाही. प्रत्येक निर्णयाला तेच चार प्रश्न विचारायला हवेत. ज्यांच्यावर परिणाम होणार, त्यांना आधी विचारलं का? नियम माल तयार व्हायच्या आधी कळला का? नुकसान कुणाचं आणि ते भरून कोण देणार? आणि हे कधीपर्यंत चालणार? हे चार प्रश्न आपल्या विरोधातल्या निर्णयाला जितक्या जोरात विचारायचे, तितक्याच जोरात आपल्या बाजूच्या निर्णयालाही विचारायचे. दुसरा भाग अवघड आहे. माझं निवेदन या चारही प्रश्नांत नापास झालं असतं.

हा विचार नवा नाही. 1947 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन संविधान सभेसाठी तयार केलं. त्यात त्यांनी प्रमुख उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या ताब्यात असावी, अशी मागणी केली. सरकारचा हात दूर केला की गरीब स्वतंत्र होत नाही, तो मालकाच्या हाती जातो, हे त्यांनी ओळखलं होतं. पण त्यांची दुसरी अट लोक विसरतात. ही सगळी व्यवस्था संविधानातच लिहिलेली हवी, कुठल्याही पक्षाच्या बहुमताला ती मनाप्रमाणे बदलता येऊ नये, असं त्यांना हवं होतं. त्यांना सरकार ताकदवान हवं होतं आणि बांधलेलंही हवं होतं. आपल्या वाट्याला अनेकदा उलटंच येतं. कामगाराला संरक्षण द्यायचं असतं तेव्हा सरकार दुबळं, आणि एका रात्रीत बंदी घालायची असते तेव्हा मोकाट.

मुस्लीम तरुणांनी हा विषय अंगावर का घ्यायचा? कारण आपण त्याच्या अगदी मध्यभागी आहोत. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवलं की मुस्लिमांमध्ये पगारी नोकऱ्यांचं प्रमाण कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे. लूम, गॅरेज, फळांची गाडी, बेकरी, भंगार, शिलाई. या धंद्यांना शुल्क, वीजदर, जीएसटी, बंदी यांतला प्रत्येक बदल थेट लागतो. पगारदाराला तो महिनाअखेरीस जाणवतो, आपल्याला त्याच संध्याकाळी. तरीही आपल्या सभांमध्ये सरकारशी बोलायचे विषय ठरलेले असतात: सुरक्षा, शिष्यवृत्ती, आरक्षण. ते महत्त्वाचे आहेतच. पण सुताच्या शुल्काची अधिसूचना कुणी वाचली, असं मी एका बैठकीत विचारलं तेव्हा एकही हात वर आला नाही. कारखानदारांच्या संघटना त्या वाचतात, कामगाराची पोरं वाचत नाहीत. मग निवेदनंही मालकांच्याच सोयीची लिहिली जातात. माझंही तसंच होतं. त्यात कामगाराच्या मजुरीबद्दल एक ओळ नव्हती.

विचारण्याचा हक्क आपल्याला अगदीच नाही, असं नाही. कायदा किंवा नियम करण्याआधी मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा, असं धोरण केंद्राने 2014 मध्ये ठरवलं. ते सर्रास पाळलं जात नाही, पण ते दाखवून भांडता येतं. जानेवारी 2025 मध्ये परकीय व्यापार धोरणातही दुरुस्ती झाली. आयात-निर्यातीची धोरणं करताना आणि बदलताना संबंधितांची मतं मागवावीत, असं त्यात आलं. सरकारला स्वतःहून निर्णय घेण्याची मुभाही ठेवलेली आहेच. शिवाय 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे. निर्णयाआधी कुणाकुणाशी चर्चा झाली, असा साधा प्रश्न त्यात विचारता येतो.

कुणी म्हणेल, निर्यातबंदी महिनाभर आधी सांगितली तर व्यापारी त्या महिन्यात सगळा माल बाहेर पाठवतील. आक्षेप बरोबर आहे. म्हणून तारीख आधी सांगता आली नाही तरी नियम आधी सांगता येतो. भाव अमुक पातळीच्या वर गेला तर तमुक शुल्क लागेल, हे लावणीच्या आधीच जाहीर करा. ज्यांचे सौदे झालेत, त्यांचा माल जाऊ द्या. ज्यांचं नुकसान होईल, त्यांची भरपाई त्याच आदेशात लिहा. आणि भाव पडल्यावर काय करणार, तेही त्याच कागदावर लिहा. वरच्या भावाला छत घालायचं असेल, तर खालच्या भावाला जमीनही द्या.

त्या फोननंतर दोन आठवड्यांनी मी मामूंना घेऊन मैत्रिणीच्या गावी गेले. वीस किलोमीटरवर राहून मामू त्या गावात याआधी कधी गेले नव्हते. आबांनी चहा दिला, कांद्याचा हिशेब वहीत दाखवला: बियाणं, मजुरी, औषध, गाडीभाडं आणि खाली आलेली पट्टी. मामूंनी तो दोनदा वाचला. मग त्यांनी खिशातून सुताचं बिल काढलं. दोघंही थोडा वेळ त्या दोन कागदांकडे पाहत बसले. आबा म्हणाले, "मामू, तुमचं सूत महाग अन् माझा कापूस स्वस्त, असंही कैक वर्षी झालंय. मग मधले पैसे कुठं जातात?" मामू हसले. "आबा, हेच तर मला तुम्हाला विचारायचं होतं."

त्या दिवशी आम्ही नवं निवेदन लिहिलं. त्यात बंदीची मागणी नाही. कापसाचा आणि सुताचा भाव यांतला फरक जाहीर व्हावा, छोट्या यंत्रमागधारकाला सूत थेट मिळण्याची सोय व्हावी, कांद्याचे नियम हंगामाआधी ठरावेत आणि मजुरीचा दर फलकावर लावावा, अशा चार मागण्या आहेत. शेवटच्या मागणीवर मामू जरा अडखळले. मग त्यांनी सही केली. खाली आबांची सही आहे, मामूंच्या दोन कामगारांचीही आहे. उत्तर अजून आलेलं नाही. आम्ही स्मरणपत्र पाठवलं आहे, आणि माहिती अधिकाराचा अर्जही तयार आहे.

तुम्ही कुठेही असा, भिवंडीत, मिरजेत, परभणीत किंवा कुर्ल्यात. तुमच्या घरच्या धंद्यावर परिणाम करणारा गेल्या वर्षातला एक सरकारी निर्णय शोधा. तो मुळातून वाचा, कुणाच्या फॉरवर्डमधून नको. मग त्याचा फटका किंवा फायदा आणखी कुणाला झाला, ते शोधा आणि त्या माणसाला जाऊन भेटा. बहुतेक वेळा तो वीस किलोमीटरच्या आतच सापडतो. भेटून आल्यावर जे लिहाल, ते आमच्याकडे मराठीत किंवा उर्दूत पाठवा. आधी त्याच्या वहीतला हिशेब लिहा, मग आपला.